पहिल्या ओळींतील अधिकारी

गेल्या मासीं या सदरांत जुन्या ग्रंथांच्या मंगलाचरणाविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनींचें पत्र आलें असून, ग्रंथारंभीं वाचणाराचा अधिकार सांगण्याची ती पद्धति पोथ्यांबरोबरच अस्तास गेली काय, असा प्रश्न त्यांनीं विचारला आहे. प्रश्न मार्मिक आहे. त्याचें उत्तर मला अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे आमच्या घरच्या संगणकांत, सांपडलें. आणि तेंहि स्वतःच्या फजितीच्या निमित्तानें. ती हकीकत आधीं सांगतों.

सेवानिवृत्त झाल्यावर आमच्या कुटुंबाची वंशावळ जमविण्याचें काम मीं हातीं घेतलें. तीन वर्षें पत्रव्यवहार करून व आप्तेष्टांचे उंबरठे झिजवून सात पिढ्यांचीं नांवें गोळा केलीं. माझ्या पुतण्यानें तीं संगणकांत घालून त्यांवरून वंशवृक्ष काढून दाखविणारी एक लहानशी स्क्रिप्ट मला लिहून दिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकानें क्रमानें पाळावयाच्या आज्ञांची यादी. नांवेंहि त्याच फाईलच्या पोटांत होतीं. फाईलचें नांव टंकून किल्ली दाबली कीं सातहि पिढ्या पडद्यावर उभ्या राहत, आणि घरांतील मुलें आपआपलें नांव शोधूं लागत.

चुलत्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशीं सर्व आप्तांसमोर वंशवृक्ष दाखवावयाचा होता. दोन नव्या पतवंडांचीं नांवें घालावयाचीं राहिलीं होतीं. मी त्या वेळीं एका स्नेह्यांकडे मुक्कामास होतों. त्यांच्या संगणकावर मीं तीं नांवें मोठ्या हौसेनें घातलीं. आमचा संगणक लिनक्सवर चालतो, त्यांचा विंडोजवर. या भेदाचा मीं कांहींच विचार केला नाहीं. घरीं येऊन फाईल चालवितों तों उत्तर आलें : आवश्यक ती फाईल सांपडली नाहीं. फाईल तर माझ्या डोळ्यांसमोर होती! उघडली तर सर्व नांवें जागच्या जागीं. चालवूं गेलें कीं पुन्हां तेंच उत्तर. तीन वर्षांचें काम ऐन वेळीं बुडालें असें वाटून त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

सकाळीं पुतण्यास दूरध्वनि केला. सर्व ऐकून त्यानें विचारलें, "काका, पहिल्या ओळीच्या शेवटीं काय आहे?"

"कांहीं नाहीं," मीं म्हणालों.

"नीट बघा. दिसत नसलें तरी तिथें कांहीं तरी असणार."

तें काय होतें हें कळण्यासाठीं ती पहिली ओळ म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. ती अशी होती :

#!/यूएसआर/बिन/पायथन३

यंत्रांत हीं अक्षरें रोमन लिपींत असतात. वाचकांच्या सोयीसाठीं तीं येथें देवनागरींत दिलीं आहेत. आरंभीं चौकटीसारखें एक चिन्ह, त्यास लागून उद्गारचिन्ह, आणि मग एक पत्ता. या दोन चिन्हांच्या जोडीस संगणकशास्त्री 'शेबँग' असें म्हणतात. तिच्यामागील पत्ता आहे तो दुभाष्याचा. संगणकाच्या मूळ यंत्रास केवळ अंकांची भाषा कळते. माणसानें पायथनसारख्या भाषेंत लिहिलेल्या आज्ञा त्यास समजावून देण्यासाठीं मध्यें एक प्रोग्राम लागतो. त्यास इंटरप्रिटर म्हणतात. आपण दुभाषी म्हणूं.

या ओळीचा इतिहास मनोरंजक आहे. यूनिक्स नांवाची प्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची या दोघांच्या हातून जन्मास आली. आजचें लिनक्स तिच्याच वळणावर बांधलेलें आहे. अशा प्रणालीच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. आपण एकादी फाईल चालवावयास सांगितली कीं कर्नल प्रथम तिच्या आरंभींचे कांहीं अंक वाचतो. ते ओळखीचे असले तर ती यंत्रभाषेंतील फाईल आहे असें जाणून तिला थेट कामास लावतो.

परंतु फाईल माणसानें लिहिलेल्या आज्ञांची असली तर काय? पूर्वीं कर्नल ती सरळ नाकारीत असे. मग 'शेल' नांवाचा जो प्रोग्राम मनुष्य व कर्नल यांच्यामध्यें बसलेला असतो, तो म्हणे, "कर्नलला ही वाचतां आली नाहीं, तेव्हां ही माझ्यासाठींच असणार," आणि स्वतःच ती वाचावयास घेई. जोंपर्यंत घरांत वाचणारा एकच, तोंपर्यंत ही रीत निर्वेध चालली. पाकिटावर नांव नसलें तरी पत्र कोणाचें हा प्रश्न उद्भवत नाहीं.

पुढें वाचणारे दोन झाले. कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत बिल जॉय यांनीं सी शेल नांवाचा दुसरा शेल रचिला. त्याचें व्याकरण जुन्या शेलहून निराळें. एकासाठीं लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्यानें वाचल्या तर अर्थाचा अनर्थ व्हावयाचा. यावर सी शेलमध्यें एक तोड काढिली होती : फाईलचें पहिलें अक्षर तें चौकटीसारखें चिन्ह असलें तर ती सी शेलनें वाचावी, नसलें तर जुन्या शेलकडे द्यावी. ही खूण केवळ त्या घरापुरती होती. तिसरा वाचक आला तर त्यानें काय करावें, याची तींत सोय नव्हती.

१९८० च्या जानेवारींत रिची यांनीं या प्रश्नाचा मुळापासून निकाल लाविला. यूनिक्सची सातवी आवृत्ति आदल्याच वर्षीं, १९७९ सालीं, बाहेर पडली होती. तिच्या पुढील कामांत त्यांनीं कर्नललाच असें शिकविलें कीं, फाईलच्या आरंभीं हीं दोन चिन्हें दिसलीं तर त्याच ओळींत पुढें लिहिलेल्या पत्त्यावरचा प्रोग्राम शोधावा, त्यास जागा करावें, आणि ही फाईल त्याच्या स्वाधीन करावी. वाचक कोण, हें आतां शेलनें अनुमानानें ठरवावयाचें राहिलें नाहीं. लिहिणारानेंच तें पहिल्या ओळींत सांगावयाचें. यायोगें स्क्रिप्टला यंत्रभाषेंतील प्रोग्रामाच्या पंक्तीस बसतां आलें. तिला केवळ शेलच नव्हे, तर कोणताहि प्रोग्राम हांक मारूं शकूं लागला, आणि चालूं असलेल्या कामांच्या यादींत शेलच्या नांवाऐवजीं तिचें स्वतःचें नांव दिसूं लागलें.

या योजनेंतील एक खुबी लक्षांत घेण्याजोगी आहे. संगणकांत प्रत्येक चिन्हास अंक असतो. या दोघांचे अंक ३५ व ३३. कर्नलच्या दृष्टीनें ही केवळ दोन अंकांची मुद्रा. ती पाहून तो दुभाष्यास जागा करितो व फाईलचें नांव त्यास सांगतो. दुभाषी मग ती फाईल अगदीं पहिल्या ओळीपासून वाचतो. तेव्हां ती पत्त्याची ओळ त्यास आज्ञा वाटून घोटाळा कसा होत नाहीं? तर शेल, पर्ल, पायथन या भाषांत त्या चौकटीच्या चिन्हापासून ओळीच्या अखेरपर्यंतचा मजकूर टीप म्हणून सोडून द्यावयाचा असा नियमच आहे. एकच ओळ कर्नलला आज्ञा आणि दुभाष्यास टीप.

आमच्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं चार अनुबंध सांगण्याची पद्धति आहे : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. त्यांत पहिला मान अधिकाऱ्याचा. हा ग्रंथ कोणी वाचावा, कोणत्या तयारीच्या माणसास तो उलगडेल, हें ठरल्यावांचून पुढील तिन्ही गोष्टी व्यर्थ. रिची यांना आपल्या अनुबंधांची वार्ता असण्याचें कारण नाहीं. परंतु लिहिणारा व वाचणारा यांची प्रत्यक्ष गांठ पडणार नसेल, तर वाचणाराचा अधिकार लेखांतच सांगावा लागतो, ही अडचण दोहींकडे सारखीच होती.

मात्र ही ओळ लिहितांना पथ्यें पुष्कळ पाळावीं लागतात. पत्ता पुरा द्यावा लागतो. कर्नल गल्लोगल्लीं चौकशी करीत हिंडत नाहीं. आणि एकच दुभाषी निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळ्या आळींत राहतो. कोठें '/यूएसआर/बिन' मध्यें, तर कोठें '/यूएसआर/लोकल/बिन' मध्यें. यासाठीं लोकांनीं एक युक्ति काढिली. 'एन्व्ह' नांवाचा एक प्रोग्राम बहुतेक सर्वत्र '/यूएसआर/बिन' मध्येंच सांपडतो, व तो दिलेल्या नांवाचा प्रोग्राम नेमलेल्या आळ्यांतून शोधून काढितो. म्हणून पहिल्या ओळींत पत्ता एन्व्हचा द्यावयाचा आणि पुढें नुसतें 'पायथन३' असें लिहावयाचें. खेड्यांतील पत्रावर 'अमुक दुकानदारांमार्फत' असें लिहितात, तसाच हा प्रकार.

पण येथेंहि एक मेख आहे. पत्त्यापुढें जो मजकूर असेल तो लिनक्सचा कर्नल फोड न करतां एकच शब्द समजून पुढें देतो. 'एन्व्ह' पुढें दुभाष्याचें नांव व त्यास एकादी सूचना असे दोन शब्द लिहिले, तर एन्व्ह त्या दोहोंचा समास करून त्या जोडनांवाचा प्रोग्राम शोधीत बसतो. फ्रीबीएसडी नांवाच्या प्रणालींत पूर्वीं शब्द निरनिराळे होत. २००५ पासून तेथेंहि एकच शब्द धरूं लागले, व फोड करण्याचें काम एन्व्हकडे सोंपविलें. लिनक्सवर जो एन्व्ह सामान्यतः असतो, त्यास ही फोड करण्याची विद्या २०१८ सालीं आली. पॉझिक्स या नांवानें यूनिक्सवंशीय प्रणालींचें जें सामाईक नियमपुस्तक आहे, त्यानें तर या ओळीचा परिणाम अनिर्दिष्टच ठेविला आहे. थोडक्यांत, शास्त्रांत आधार नाहीं, पण शिष्टाचार सार्वत्रिक. आणि शिष्टाचार म्हटला कीं घरोघरीं थोडें निराळेपण आलेंच.

ओळीच्या लांबीसहि मर्यादा असते. बर्कलेच्या जुन्या यूनिक्समध्यें ती अवघी ३२ अक्षरांची होती. लिनक्सचा कर्नल दीर्घकाळ फाईलचीं पहिलीं १२८ अक्षरेंच पाहत असे, आणि ओळ त्याहून लांब असली तर कांहीं न बोलतां शेपूट तोडून पुढें जात असे. हें गैर आहे असें वाटून अशी तुटकी ओळ नाकारावी, असा बदल २०१९ च्या आरंभीं करण्यांत आला. दिसावयास तो निर्दोष होता. परंतु निक्स-ओएस नांवाच्या प्रणालींत दुभाष्यांचे पत्ते फार लांब असतात, आणि तेथील पर्ल भाषेच्या कांहीं स्क्रिप्टांची पहिली ओळ ही मर्यादा ओलांडून जात असे. त्या आजवर चालत आल्या होत्या याचें कारण असें कीं, कर्नलनें तोडलेल्या तुकड्यांतहि पर्लचा स्वतःचा पत्ता शाबूत राही, व पर्ल जागा झाल्यावर ती ओळ पुन्हां मुळांतून वाचून उरलेल्या सूचना आपण होऊन घेई. नव्या नियमानें कर्नलनें फाईल नाकारली, तेव्हां जुन्या रूढीप्रमाणें ती शेलच्या हातीं पडली, आणि शेल पर्लचा मजकूर आपल्या व्याकरणानें लावूं लागला! लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं तो बदल फेब्रुवारींत मागें घेतला, आणि त्याच वर्षीं मे मासीं निघालेल्या ५.१ या आवृत्तींत मर्यादा २५६ अक्षरांवर नेण्यांत आली. सुधारणा करणारानें आधीं चालत्या संसाराची घडी पाहावी, हें यांतून सर्वांनीं घेण्यासारखें आहे.

आणखी एक विचार रिची यांच्या मनांत होता, पण तो पुरतेपणीं टिकला नाहीं. यूनिक्समध्यें कांहीं फाईलींना असा विशेष अधिकार देतां येतो कीं, कोणींहि चालविल्या तरी त्या मालकाच्या अधिकारानें चालाव्या. स्क्रिप्टलाहि तो मिळावा, असा त्यांचा हेतु होता. परंतु कर्नल एकदां फाईल उघडून पहिली ओळ पाहतो, आणि दुभाषी तीच फाईल तिच्या नांवावरून पुन्हां उघडतो. या दोन उघडण्यांच्या मधल्या क्षणीं कोणा लबाडानें त्या नांवाखालीं दुसरीच फाईल सरकविली, तर मालकाचा शिक्का एका पत्रावर आणि वाचन दुसऱ्याच पत्राचें! म्हणून लिनक्सवर स्क्रिप्टला हा अधिकार दिला तरी कर्नल तो मानीतच नाहीं.

आतां माझ्या फजितीकडे वळूं. ओळ संपली हें दाखविण्यासाठीं यूनिक्सवंशीय प्रणालींत एकच अदृश्य चिन्ह असतें. त्याचा अंक १०. विंडोजच्या रीतींत दोन असतात, आधीं १३ व मग १०. ही रीत टंकयंत्राच्या काळची आहे : गाडा मागें आणणें ही एक क्रिया आणि कागद वर सरकविणें ही दुसरी. स्नेह्यांच्या संगणकावर मीं फाईल जतन केली तेव्हां प्रत्येक ओळीच्या शेवटीं तें १३ अंकाचें चिन्ह चिकटून बसलें. लिनक्सचा कर्नल १० दिसेपर्यंतचा मजकूर पत्ता म्हणून घेतो. तेव्हां त्यानें 'पायथन३' ऐवजीं 'पायथन३' व त्याच्या पाठीस एक न दिसणारें अक्षर अशा नांवाचा दुभाषी शोधला. असा कोणी जगांत नव्हता. 'फाईल सांपडली नाहीं' हें उत्तर खरेंच होतें. पण सांपडत नव्हती ती माझी वंशावळ नव्हे, तिचा वाचणारा! एवढा भेद मला त्या रात्रीं कळता तर झोंप उडाली नसती.

देवनागरींत लिहिणारांस याच जातीचा आणखी एक धोका आहे. मजकूर जतन करतांना कांहीं संपादक-प्रोग्राम फाईलच्या अगदीं आरंभीं तीन अदृश्य अंकांची एक खूण ठेवितात. अक्षरें कोणत्या पद्धतीनें नोंदलीं आहेत याची ती ओळख. माणसास ती दिसत नाहीं. परंतु कर्नलला हवीं असलेलीं दोन चिन्हें मग पहिल्या जागीं राहत नाहींत, व त्याच्या लेखीं ती ओळच नाहींशी होते.

पुतण्यानें सांगितलेल्या एका आज्ञेनें सारीं १३ अंकीं चिन्हें काढून टाकलीं, आणि सातहि पिढ्या पूर्ववत् उभ्या राहिल्या. समारंभांत चुलत्यांनीं पडद्यावर आपल्या आजोबांचें नांव पाहून हात जोडले.

त्यानंतर मीं पुतण्यास सहज विचारलें, "ही ओळ अशीच ठेवली, तर आणखी पन्नास वर्षांनीं चालेल ना?" तो लगेच हो म्हणाला नाहीं. त्यानें सांगितलें कीं, पायथनची दुसरी पिढी १ जानेवारी २०२० पासून तिच्या कर्त्यांनीं संभाळणें सोडलें. पहिल्या ओळींत नुसतें 'पायथन' असें लिहिलेल्या कितीतरी फाईली होत्या. पुढें कित्येक संगणकांवर त्या नांवाचा कोणी उरला नाहीं, असला तो 'पायथन३' या नांवानें. आणि कोठें जुन्या नांवावर नवी पिढी बसली, जिला जुन्या पिढीचें व्याकरण मान्य नव्हतें. ओळ बिनचूक, पत्ता स्वच्छ. पण पत्त्यावर तो मनुष्य नाहीं.

हें ऐकून मला आमच्या माळ्यावरची पेटी आठवली. तींत पणजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. त्यांवर वाचणाराचें नांवगांव नाहीं, कारण त्या काळीं तें लिहिण्याची गरजच नव्हती. लिहितांवाचतां येणाऱ्या माणसास मोडी येणारच, असा सर्वांचा समज. विसाव्या शतकांत मोडी शाळांतून उठली. मी जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें, पण माझ्याच पणजोबांचें पत्र माझ्यानें वाचवत नाहीं. एकच वाचक गृहीत धरणाऱ्या जुन्या शेलच्या रीतीहून ही रीत फारशी निराळी नव्हती.

तेव्हां आतां मीं दोन गोष्टी केल्या आहेत. वंशावळीची एक प्रत साध्या बालबोध अक्षरांत कागदावर उतरून काढिली, व तिच्या पहिल्या पानावर हीं नांवें कोणत्या क्रमानें लाविलीं आहेत, कोणत्या खुणेचा अर्थ काय आणि शंका आल्यास घरांतील कोणास विचारावें, हें चार ओळींत लिहून ठेविलें. दुसरी गोष्ट, आमच्या धाकट्या नातीस घेऊन मी दर रविवारीं मोडीच्या वर्गास जातों. ती मजपेक्षां लवकर शिकते. पेटींतील पहिलें पत्र कोण वाचतो याविषयीं आम्हां दोघांची पैज लागली आहे, आणि ती मी हरणार असा रंग दिसतो.